अप्पाला बसवायचं होतं

अप्पा सकाळी दहाला गेले. अर्धा चहा पिऊन कप माझ्या हातात दिला, भिंतीकडं तोंड केलं आणि संपले. बाहेर पाऊस सुरू होऊन दोन तास झाले होते. टीव्हीवर आदल्या दिवसापासून एकच चाललं होतं, बंगालच्या समुद्रात वादळ उठलंय, आंध्रातून तेलंगणात आणि तिथून आपल्याकडं. आमची हंगरवाडी उमरगा तालुक्यात. गावाखालचा ओढा ओलांडला की कर्नाटक. इथल्या निम्म्या लोकांनी समुद्र बघितलेला नाही. पण समुद्र काय विचारून येतो?

आमच्यात माणूस गेला की त्याला बसवतात. बाहेरच्यांना हे माहीत नसतं म्हणून सांगते. आम्ही लिंगायत. आम्ही जाळत नाही, पुरतो, आणि पुरतो तेही आडवं नाही. मांडी घातलेली, पाठ ताठ, डाव्या तळहातावर लिंग, जसा माणूस रोज पूजेला बसतो तसाच मातीत बसवायचा. त्यामुळं जीव गेला की रडायच्या आधी एक काम असतं. अंगात ऊब आहे तोवर मांडी घालायची, भिंतीला टेकवायचं, पंचानं खुंटीला बांधायचं. दोन-तीन तास गेले की अंग ताठायला लागतं. मग ते कुणाचं ऐकत नाही.

घरात मी एकटी होते. सात वर्षं अप्पाला मीच उचललं, धुतलं, कूस बदलली, त्यामुळं कुठं धरायचं ते मला ठाऊक. एकटीनं बसवले. कपाळाला विभूती लावली. अप्पा काही लई भला माणूस नव्हता. अव्वाला, आमच्या आईला, मारायचे. नवऱ्याला सोडून मी परत आले तेव्हा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. पण अव्वा गेली तेव्हा स्वतः खड्ड्यात उतरून तिला दोन्ही हातांनी बसवलं होतं, आणि वर आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मलाबी हिच्या शेजारी नीट बसवा. आडवं घालाल तर याद राखा. मी काय ज्वारीचं पोतं हाय?"

बसवून झाल्यावर मी रडले.

तेवढ्यात धाकटा भाऊ वीरप्पा दुकान बंद करून पळत आला. आल्या आल्या त्यानं नागपूरला थोरल्याला फोन लावला. गौरीशंकर, आमचा अण्णा, तिकडं मोठा साहेब आहे. वीरप्पाचा पोरगा त्याच्याच वशिल्यानं नोकरीला लागलाय, म्हणून अण्णा फोनवर शिंकला तरी वीरप्पा इथं नाक पुसतो.

"वीरू, मी निघतो. मी तोंड बघितल्याशिवाय न्यायचं नाही."

"व्हय अण्णा."

"दहा-अकरा तास लागतील. पावसापाण्यात तसंच ठेवू नका. उमरग्याला मंडपवाल्याकडं फ्रीजर पेटी भाड्यानं मिळते. मागवून घे."

मी फोन हिसकावला. "अण्णा, म्या बसवलंय त्यास्नी. पेटीत बसलेला माणूस मावत न्हाय."

"मग आडवं करा."

"आडवं ताठलं की उद्या बसंल का रं?"

"नागू, तुला काय कळतंय? दवाखान्यात सगळ्यांना आडवंच ठेवतात. वीरूला फोन दे."

झालं. सात वर्षं ज्याला अप्पाचं वजन किती माहीत नव्हतं, त्यानं साडेपाचशे किलोमीटरवरून ठरवलं. आणि वीरप्पानं पंचा सोडला. मी त्याचा हात धरला तर म्हणाला, "अक्का, रातच्याला अण्णा येतोय. एका रातीत काय होतंय?" भावकीतली चार माणसं जमली होती. एकजण म्हणाला, "थोरल्याचा मान हाय बाई." लेकीचा मान कुठल्या कपाटात ठेवलेला असतो, हे त्याला विचारायला पाहिजे होतं. तेव्हा सुचलं नाही.

अप्पाचे पाय त्यांनी सरळ केले.

एक वाजता पिकअपमधून पेटी आली. वर काचेचं झाकण, आत निळी ट्यूब, कडेला गुरगुरणारी मशीन आणि आकडे दाखवणारी लाल पाटी. मंडपवाल्याचा माणूस म्हणाला, "लाईट गेली तर झाकण उघडू नका. तीन-चार तास दम धरती. त्याच्यावर माझी गॅरंटी न्हाय." तेव्हापासून घरातलं कुणी अप्पाकडं बघेना. सगळे त्या लाल आकड्याकडं बघायचे. जो येईल तो दारात डोक्यावरची पोत्याची खोळ झटकून आधी हेच विचारी, "लाईट हाय न्हवं?" मग हात जोडी.

वारा संध्याकाळनंतर खरा सुटला. आमच्याकडचा वारा वरून झोडपतो आणि तासाभरात जातो. हा तसला नव्हता. हा एकाच बाजूनं दाबत राहिला, जसं कुणी भिंतीला खांदा लावून उभं राहिलंय. शाळेवरचे पत्रे गेले. आमच्या मागच्या खोलीचा एक पत्रा अर्धा उचलला गेला आणि आपटत राहिला. लाईट जाई, पाच मिनिटांनी येई, परत जाई. दरवेळी मशीन बंद पडली की वीरप्पा देवासमोर बसल्यासारखा मीटरसमोर हात जोडून बसे. नऊ वाजता अण्णाचा फोन आला. औशाच्या पुढं अडकलाय, तेरणेच्या पुलावरून पाणी चाललंय, पोलीस कुणाला सोडत नाहीत.

"सकाळी येतो. पेटी चालू आहे ना?"

"चालू हाय अण्णा," वीरप्पा म्हणाला. अप्पा कसे आहेत हे कुणी विचारलं नाही, आणि विचारणार तरी काय.

सकाळी मठातले अय्या आले. सत्तरीचे आहेत, छत्री उलटी झालेली, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलात. आमच्यात शेवटचा विधी त्यांच्याच हातून होतो. त्यांनी झाकण उघडायला लावलं. अप्पाच्या गुडघ्याखाली हात घालून उचलून बघितलं. गुडघ्याबरोबर सगळं अंगच उचललं गेलं, फळी उचलावी तसं. अय्यांनी हळूच खाली ठेवलं.

"कुणाचं डोस्कं हे?" ते म्हणाले.

वीरप्पा खाली बघत उभा. मी म्हटलं, "नागपूरच्या साहेबाचं."

"आता कसं बसवू मी यांना? लाकूड झालंय."

भावकीतला कालचाच माणूस म्हणाला, "अय्या, ऐकलंय की हाडं जरा..." आणि हातानं मोडल्यासारखं करून दाखवलं.

"ब्याड रे, ब्याड!" अय्या कानडीत ओरडले. नको रे, नको. "हात तोडीन तुझा." मग माझ्याकडं वळून हळू म्हणाले, "या गारठ्यात असेपर्यंत अंग सुटायचं न्हाय, यव्वा. बाहेर काढून ऊब दिली, तेल लावून चोळलं, तर उतरंल ताठा. उतरंलच असं न्हाय. पर आजच करावं लागंल. खड्डा खणलाय तो पाण्यानं भरायलाय. पोरं बादल्यांनी उपसायलीत. उद्यापर्यंत कड ढासळंल."

वीरप्पानं लगेच फोन लावला. अण्णा अजून पुलाच्या पलीकडंच. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी येईपर्यंत पेटीतून काढायचं नाही. आणि बसत नसतील तर आडवं पुरू. शहरात आपले लोक आता जाळतातसुद्धा. कोण बघतंय?"

फोन बंद झाला. आणि त्याच वेळी मशीनही.

यावेळी पाच मिनिटं गेली, पंधरा गेली, लाईट आली नाही. वीरप्पानं तालुक्याला फोन लावले, कुणी उचलेना. गावात बोंब उठली. पीठगिरणी बंद, नळाची मोटर बंद, निम्मे मोबाईल मेलेले, आणि सगळ्यांच्या तोंडात अप्पाचं नाव आणि आमचीच पेटी. "चन्नबसप्पाची पेटी बंद पडली म्हणं." शेजारच्या पार्वतम्मानं विचारलं, "आता वास सुटंल का गं?" मी तिला सांगितलं, तू बाहेर गेलीस की सुटायचा थांबंल.

पण खरं सांगते, मशीनची गुरगुर थांबली तेव्हा माझ्या छातीवरचं काहीतरी हललं होतं. लाईट येऊ नये असं मला वाटत होतं. सगळं गाव लाईट ये म्हणत होतं आणि मी एकटी मनात म्हणत होते, येऊ नको.

वीरप्पानं व्यंकटला बोलावलं.

व्यंकट कोण ते सांगायला पाहिजे. लाईटवाल्यांच्या कुठल्याही कागदावर त्याचं नाव नाही. खरा वायरमन पगार घेतो आणि तालुक्याच्या गावात राहतो. पोलवर चढतो व्यंकट. वायरमन फोनवर सांगतो "चढ, बंद केलीय," आणि हा चढतो. हातमोजे नाहीत, पट्टा नाही, मेला तर भरपाई नाही. असले व्यंकट गावोगाव आहेत. त्यांना झिरो वायरमन म्हणतात. झिरो. नाव ठेवणाराला लाज वाटली नाही.

खताच्या पोत्याची खोळ घेऊन तो दारात उभा राहिला. तिशीतला पोरगा, बायको पोटुशी.

"पिंपळापशी फांदी पडून तार तुटलीय," तो म्हणाला. "डीपीपासून जोडावी लागंल. वरून बंद हाय म्हनत्यात."

"म्हनत्यात म्हणजे?" मी विचारलं.

"म्हनत्यात म्हंजी म्हनत्यात, अक्का. त्यांना तरी काय दिसतंय तिथनं."

"जोड बाबा," वीरप्पा म्हणाला. "अण्णा आला की तुझं सांगतो त्याला. परमनंट करतो तुला."

"मागच्या इलेक्शनपासनं सात जणांनी परमनंट केलंय मला," व्यंकट हसला. "आता मावत न्हाय मी त्याच्यात."

मी दारात आडवी उभी राहिले. "कशापायी चढतोस या वाऱ्यात?"

"अप्पापायी. मला ल्हानपणी गुळाचा खडा द्यायचे दुकानात."

"अप्पाला लाईट नको हाय. घरी जा."

वीरप्पा ओरडला, "अक्का, तुला कळतंय का काय बोलायलीस?"

"कळतंय. मेलेल्याला गार ठेवायला जित्त्याला जाळायलास तू. त्याची बायको कितव्या महिन्यात हाय विचारलंस का?"

व्यंकट मधल्यामधी अवघडून उभा. मग म्हणाला, "अक्का, तुमी एकट्या असता तर घरी गेलो असतो. पर सगळं गाव मला शिव्या द्यायलंय. बंद असली की व्यंकट कुठं मेला, आली की वायरमन चांगला हाय." आणि तो माझ्या खांद्याजवळून निघून गेला.

मी ओसरीवर उभी राहून बघत होते. पिंपळाकडचा पोल आमच्या घरावरून दिसतो. तो चढला. वाऱ्यात त्याची खोळ फुगून उडाली आणि तारेवर जाऊन अडकली. पोल हलत होता. खाली दोन-तीन जण होते, तेही लांब. अर्धा तास तो वर होता. त्या अर्ध्या तासात मी अप्पाला विसरले होते, हेही लिहिते, कारण खोटं कशाला लिहायचं.

तो उतरला. पाय जमिनीला लागले तेव्हा मी खांब धरून खाली बसले.

दहा मिनिटांनी लाईट आली.

"आली!" गल्लीत पोरं ओरडली. कुणीतरी शिट्टी मारली. वीरप्पानं दोन्ही हात कपाळाला लावले. लाल आकडे पेटले, मशीन गुरगुरली. व्यंकट पायरीवर येऊन बसला, तळहात फाटला होता, मी हळद दाबून चिंधी बांधली. "झालं काम, अक्का," तो म्हणाला, "आता रागावू नका." मी म्हटलं, "तुझ्यावर न्हाय रं."

मग मी आत गेले आणि पेटीची पिन काढली.

वीरप्पाला आधी वाटलं परत लाईट गेली. त्यानं पंख्याकडं बघितलं. पंखा फिरत होता. मग माझ्या हातातली वायर दिसली.

"अक्का! अण्णाला काय सांगू मी?"

"सांग लाईट गेली."

"अगं लाईट हाय!"

"गावात हाय. आपल्यात न्हाय." आणि मी मीटरखालचा खटकासुद्धा पाडला. पंखा थांबला.

तो अंगावर धावून आला. हात उचलला त्यानं, खोटं नाही सांगत. पन्नाशीचा माणूस, लहानपणी मी कडेवर घेऊन फिरवलेला. अय्या मधे आले. "वीरप्पा," ते म्हणाले, "तुला बापाला पोतं करून टाकायचं असंल तर मला तसं सांग. मी माझा मठाला जातो. मग तुझं तू पूर."

वीरप्पाचा हात खाली आला. तो मागच्या दारानं बाहेर गेला आणि पावसात, त्या आपटणाऱ्या पत्र्याखाली जाऊन बसला.

मी चुलीवर पाणी ठेवलं. अय्या आणि मी अप्पाला बाहेर काढून चुलीजवळ घोंगडीवर घेतलं. करडीचं तेल कोमट केलं. गरम पाण्यात फडकी पिळून मांडीवर, कमरेला, खांद्याला ठेवायची, गार झाली की बदलायची, आणि तेल लावून चोळायचं. सात वर्षं रोज हेच करत होते मी. फरक एवढाच की आधी अप्पा शिव्या द्यायचे, "हळू, म्हसरं धुवायलीस का?"

पहिला तास काहीच झालं नाही. हातांना कळा यायला लागल्या. मग बोटं सुटली, मग कोपर, मग मान. कंबर सुटायला लई वेळ लागला. अय्यांनी पाठीमागून टेका दिला आणि अप्पा भिंतीला बसते झाले, पाय पसरून. उजव्या गुडघ्यावर मी सगळा भार टाकला. वाकेना. अजून टाकला. आणि आतून आवाज आला. ओलं लाकूड पिळल्यावर येतो तसा. गुडघा वाकला. अय्या माझ्याकडं बघत नव्हते, मंत्र म्हणत होते, पण मधला एक शब्द त्यांचा चुकला. मी मोरीत जाऊन ओकले.

परत आले तेव्हा डाव्या पायाला हात लावायचं मला होईना. बसून राहिले. हात पुढं करायची आणि मागं घ्यायची. अय्यांच्या हातात ताकद नाही, त्यांना सांगता येईना. मागच्या दारात वीरप्पा कधी येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक. मी त्याला खुणेनं बोलावलं. त्यानं मान हलवली आणि तिथंच उभा राहून रडायला लागला.

साडेतीनला अण्णा आला. पुलावरून ट्रॅक्टरमध्ये उभा राहून आला होता, कमरेपर्यंत चिखल, बूट हातात, डोक्यावर कुणाचा तरी टॉवेल. साठीला टेकलेला, ढेरी सुटलेली. आत येताना चौकटीला धडकला. अप्पाला बघितलं. एक पाय मुडपलेला, एक सरळ पसरलेला, अंगावर तेलाची चकाकी, कपाळाची विभूती ओलसर. आधी तो ढसाढसा रडला. रडताना अगदी वीरप्पासारखा दिसतो, हे मला माहीत नव्हतं.

मग डोळे पुसले आणि साहेब झाला. "पेटी कुणी बंद केली?"

"म्या."

"मी येईपर्यंत थांबायला सांगितलं होतं ना?"

"थांबलो की. अप्पाबी थांबले दीड दिवस, आडवं पडून."

"नागू, तुला अधिकार कुणी..."

"गौरीशंकर," अय्या बसल्या जागेवरून म्हणाले. "भांडण उद्या करा. दिवस चाललाय. पोरं अजून पाणी उपसायलीत तिकडं, त्यांचेबी हात हायत. उजवा पाय हिनं वाकवला. डावा राहिलाय. असा पाय पसरून मातीत बसवता येत न्हाय."

अण्णा पायाकडं बघत राहिला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं त्यानं. आडवं घालू असंच म्हणणार होता, मला कळलं. पण अप्पा समोर बसलेले होते, आणि बसलेल्या माणसासमोर ते त्याला बोलवेना.

मी तेलाची वाटी त्याच्यापुढं सरकवली.

"सरळ करायला तू सांगितलंस," मी म्हटलं. "वाकव."

तो तसाच चिखलाच्या पँटीत गुडघ्यावर बसला. तेलात बोटं बुडवली. अप्पाच्या गुडघ्यावर एक हात ठेवला, घोट्याखाली दुसरा. चोळलं, चांगलं पाच-दहा मिनिटं चोळलं, त्याला जमत नव्हतं पण चोळलं. मग दाबायला गेला आणि थांबला. माझ्याकडं बघितलं, लहानपणी विहिरीत उडी मारायच्या आधी बघायचा तसं.

"नागू," तो म्हणाला, "दुखंल की गं त्यास्नी."

मी उठले, अप्पाच्या पाठीमागं जाऊन बसले, भिंत आणि ते यांच्यामधे. दोन्ही काखांखालून हात घालून त्यांना छातीशी घट्ट आवळलं, म्हणजे कलंडणार नाहीत.

"म्या धरलंय," मी म्हटलं. "दाब."